विषय: अनएम्प्लॉयमेंट – पहिले दोन हप्ते आले, मग सगळं 'पेंडिंग'

सचिवांकडून

नमस्कार मंडळी,

खालचा मेल इथे अमेरिकेत नोकरी गेलेल्या आणि बेरोजगारी विम्याचे (अनएम्प्लॉयमेंटचे) पैसे अडकलेल्या आपल्या एका सभासदाचा आहे. नाव काढून पाठवायची त्याची विनंती आहे. हे वाचून आणखी कुणाला लिहावंसं वाटलं तर तुमचंही नाव काढून पुढे धाडीन, फक्त मेल यादीवर न टाकता माझ्याकडे पाठवा. एक विनंती: कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नका. गेल्या वेळी गाडीच्या अपघाताच्या मेलवर तेच झालं होतं.

> नमस्कार. जानेवारीत ले-ऑफ झाला. त्याच आठवड्यात राज्याच्या पोर्टलवर क्लेम टाकला. पहिल्या दोन आठवड्यांचे पैसे व्यवस्थित आले. त्यानंतर मात्र पोर्टलवर प्रत्येक आठवड्यापुढे 'पेंडिंग' एवढंच दिसतंय, असे सहा आठवडे झाले. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज सगळा मेन्यू ऐकवतो आणि मग कॉल कट होतो. दोनदा वाटलं, जाऊ दे, हे दर आठवड्याला सर्टिफाय करणं (अजून बेरोजगार आहे, काम शोधतोय असा दाखला पोर्टलवर भरणं) सोडून द्यावं. पंधरा वर्षं नोकरी केली, कुणापुढे हात पसरायची सवय नाही. घराचा हप्ता मात्र थांबत नाही. कुणी यातून गेलंय का?

उत्तर – एक काका

मित्रा, मी दोनदा गेलोय. एकदा २००१ मध्ये, डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा, आणि एकदा २००९ मध्ये. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, सर्टिफाय करणं अजिबात सोडू नकोस. पैसे अडकलेले असोत की अपील चालू असो, दर आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा दाखला वेळच्या वेळी भरायचाच. उद्या निकाल तुझ्या बाजूने लागला तरी ज्या आठवड्यांचा दाखला भरलेला आहे त्यांचेच पैसे सुटतात. मधला आठवडा चुकला तर नंतर विनवण्या कराव्या लागतात, आणि कधीकधी क्लेम नव्याने चालू करावा लागतो. २००९ मध्ये मी नेमकं हेच केलं. वैतागून तीन आठवडे भरले नाहीत आणि त्या तीन आठवड्यांवर पाणी सोडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते 'हात पसरणं'. हा १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून आलेला विमा आहे. केंद्राचा कर कंपनी भरते, राज्याचाही भरते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्कात तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडा कापला जातो. तुझ्या नावावर पंधरा वर्षं हप्ते गेले आहेत. गाडीचा विमा क्लेम करताना आपण लाजतो का?

आता मुद्दा. 'पेंडिंग' म्हणजे रांगेत उभं असणं नव्हे. बहुतेक वेळा खात्याला तुझ्याबद्दल एक प्रश्न पडलेला असतो, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत ते आठवडे बाजूला ठेवले जातात. तो प्रश्न कोणता हे शोधणं हेच तुझं काम. सुरुवातीला साधारण तीन दरवाजे असतात: पगाराची नोंद, ओळख आणि नोकरी सुटण्याचं कारण. पगाराची नोंद बहुतेक राज्यांत शेवटच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चारांवरून बघतात, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लेम केला असेल तर ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४. कारणाच्या बाबतीत तू 'ले-ऑफ' लिहितोस आणि कंपनी 'स्वतःहून सोडली' असं कळवते, तिथे गाडी अडते.

पण तुला दोन हप्ते मिळाले आहेत. म्हणजे हे तिन्ही दरवाजे तू बहुधा ओलांडलेले दिसतात. मग अडकलं कुठे? पोर्टलवर जा, नेमका कुठल्या आठवड्यापासून 'पेंडिंग' लागलंय त्याची तारीख बघ, आणि कॅलेंडर उघडून आठव की त्या आठवड्यात वेगळं काय घडलं. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) आला? सुट्ट्यांचे पैसे आले? कुठे दोन दिवसांचं काम केलंस? आजारी होतास? पत्ता किंवा बँक बदललीस? एखाद्या प्रश्नाला नेहमीपेक्षा वेगळं उत्तर दिलंस? टपालाची पेटीही तपास. मुलाखतीच्या नोटिसा अजून कागदावर येतात आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात कचऱ्यात जातात.

हे कळल्याशिवाय फोन लावू नकोस. तास-दोन तासांनी माणूस लाभला आणि त्याला "माझे पैसे का नाही आले?" एवढंच विचारलंस, तर "पेंडिंग आहे" हेच उत्तर मिळणार. "माझ्या क्लेमवर कोणता इश्यू उघडा आहे आणि तो कुठल्या तारखेपासून आहे?" असं विचार. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेव.

उत्तर – आणखी एक सभासद

काकांच्या मेलला जोड. फोन लागतच नसेल तर आपल्या भागातल्या राज्य विधानसभा प्रतिनिधीच्या कार्यालयाला मेल करा. केंद्रातल्या काँग्रेसमनला नव्हे, राज्याच्या प्रतिनिधीला, कारण हे खातं राज्याचं आहे. त्यांच्याकडे अशा तक्रारींसाठी माणूस असतो, तो एक संमतीपत्र भरून घेतो आणि खात्यातल्या ठरलेल्या माणसाशी बोलतो. यासाठी मतदार असावं लागत नाही, भागात राहत असलं की पुरे. माझ्या वेळी नऊ दिवसांत फोन आला.

केंद्राची अपेक्षाही माहीत असू द्या. पहिला हप्ता ८७ टक्के लोकांना १४ दिवसांत मिळायला हवा, आणि ज्या राज्यांत बिनपगारी 'वेटिंग वीक' नाही तिथे २१ दिवसांत. मेलमध्ये हे एक वाक्य घातलं की समोरचा जरा सावरून वाचतो.

उत्तर – एका सभासदाचा प्रश्न

मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. गेल्या आठवड्यात माझाही ले-ऑफ झाला. मी क्लेम करू का? केला तर ग्रीन कार्डच्या वेळी 'सरकारवर ओझं' म्हणून नोंद होईल का?

उत्तर – एक ताई

याचं उत्तर मी देते, कारण हे कागद मी घरी दोनदा हाताळले, नवऱ्याच्या वेळी आणि माझ्या वेळी.

ओझं वगैरे नाही. 'पब्लिक चार्ज'च्या २०२२ च्या नियमात बेरोजगारी विमा मोजलेला नाही, तो कमावलेला हक्क धरला जातो. अडचण वेगळीच आहे. ज्या आठवड्याचे पैसे मागायचे त्या आठवड्यात तुम्ही काम करायला मोकळे आणि कायद्याने पात्र असावे लागता. एच-वन-बीचा परवाना कंपनीला बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की बहुतेक राज्यं इथेच नकार देतात. तुमच्या राज्याचं काय ते इमिग्रेशन वकिलाला विचारा, पण फॉर्मवरच्या परवान्याच्या प्रश्नाला जे खरं आहे तेच लिहा. आणि नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी ६० दिवसांची मुदत, किंवा आय-९४ (देशात राहण्याच्या परवानगीची नोंद) त्याआधी संपत असेल तर ती तारीख, आज फ्रिजवर चिकटवा. तुमच्यासाठी खरा खेळ तोच आहे.

ईएडीवाल्यांचं, म्हणजे एका कंपनीला न बांधलेलं कामाच्या परवान्याचं कार्ड असणाऱ्यांचं, तसं नाही. मी एच-फोर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडीवर होते. माझी नोकरी गेली तरी कार्ड चालू होतं, म्हणजे मी दुसरीकडे काम करू शकत होते. तरी पाच आठवडे गेले. का, तर नाव! सोशल सिक्युरिटी कार्डावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. ईएडीवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कंपनीच्या पगारपत्रकात मधलं नाव गायबच. राज्य आपली माहिती 'सेव्ह' नावाच्या केंद्राच्या यंत्रणेत तपासून घेतं, आणि त्या यंत्रणेला या तिन्ही बाया वेगवेगळ्या वाटल्या. शेवटी लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, पासपोर्ट आणि ईएडीच्या दोन्ही बाजू, सगळं एकाच पीडीएफमध्ये घातलं. वर अर्ध्या पानाचं पत्र: "ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, कारण महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं किंवा पतीचं असतं." तपासणी परत झाली आणि क्लेम पुढे सरकला. नोकरी शाबूत आहे त्या सगळ्या सुनांना सांगते, सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव आजच बदलून घ्या.

उत्तर – मूळ प्रश्न विचारणारा

काका, तुम्ही सांगितलंत तसं कॅलेंडर काढलं. थोडं ओशाळून लिहितोय.

'पेंडिंग' ज्या आठवड्यापासून लागलंय, त्याच आठवड्यात मी सांगलीला गेलो होतो. बाबांची अँजिओप्लास्टी होती. बारा दिवस होतो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून फोनवरून सर्टिफाय केलं. "या आठवड्यात काम करायला उपलब्ध होता का?" याला 'हो' दाबलं. मनात आलं, नोकरीचे अर्ज तर रोज रात्री टाकतोच आहे आणि कुणी बोलावलं तर विमान पकडून येईन. पोर्टलने भारतातून उघडलेलं बघितलं असणार. आता काय करू? गप्प बसलो तर?

उत्तर – तेच काका

गप्प बसू नकोस. आजच लिही.

अर्ज टाकतोस हे खरं, पण उपलब्ध असणं म्हणजे उद्या बोलावलं तर उद्या हजर होता येणं. देशाबाहेर असतानाचे आठवडे सर्वसाधारणपणे मिळत नाहीत. बाबांचं आजारपण हे जाण्याचं चांगलं कारण आहे, पैसे मिळण्याचं नाही. ते दोन आठवडे गेले असं समज.

पण बाकीचे जायचं कारण नाही. आत्ता यात फक्त चूक आहे. खात्याने विचारल्यावर तू लपवलंस तर ती फसवणूक होते, आणि फसवणुकीने मिळालेल्या रकमेवर केंद्राच्या कायद्याने किमान १५ टक्के दंड लागतो, शिवाय पुढचे हप्ते अडतात. त्या दोन आठवड्यांचे पैसे तुला अजून मिळालेलेच नाहीत, म्हणजे परत करायलाही काही नाही. तू नशीबवान आहेस रे.

पोर्टलवरच्या मेसेजमध्ये लिही. इंग्रजीत, पण गोड बोलण्याच्या भानगडीत न पडता. अमुक तारखेला गेलो, अमुक तारखेला परत आलो. वडिलांचं ऑपरेशन होतं. प्रश्नाचा अर्थ चुकीचा समजल्यामुळे 'हो' उत्तर दिलं, ते दुरुस्त करावं. परतल्यापासून मी इथेच आहे, नोकरी शोधतोय, अर्जांची यादी जोडली आहे. सोबत दोन्ही बोर्डिंग पास. बाबांचे रिपोर्ट मागितले नाहीत तर देऊ नकोस.

मग निकालाचं पत्र येईल. त्यावरची टपालाची तारीख बघ, अपिलाची मुदत तिथून मोजतात. कॅलिफोर्नियात ३० दिवस मिळतात, टेक्सासात १४. तू अपील करशील असं वाटत नाही, पण पत्रात तारखा चुकल्या असतील तर लागेल.

जाता जाता, ज्यांच्या बाबतीत कंपनी खोडा घालते त्यांच्यासाठी: १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'जावा' खटल्यात सांगितलंय की एकदा पात्र ठरवल्यावर मालकाने अपील केलं एवढ्याच कारणाने हप्ते थांबवता येत नाहीत. खटल्याचं नाव मजेशीर आहे म्हणून लक्षात राहतं.

उत्तर – मूळ प्रश्न विचारणारा (अठरा दिवसांनी)

पत्र आलं. मधले दोन आठवडे नामंजूर, तारखा बरोबर. बाकीचे सगळे काल एकदम जमा झाले. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसली तेव्हा आधी घाबरलो, मग आठवलं, क्लेम भरताना केंद्राच्या करापोटी १० टक्के कापायला मीच 'हो' म्हटलं होतं. ते चालूच ठेवतोय. हे उत्पन्न करपात्र आहे, पुढच्या जानेवारीत १०९९-जी हा कराचा फॉर्म येईल तेव्हा एकदम भरायला नको.

बाबांना ले-ऑफचं अजून सांगितलेलं नाही. तेवढे दिवस सुट्टी कशी मिळाली असं त्यांनी दोनदा विचारलं. काका, ताई, आभारी आहे.

आणखी एक शंका. आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत मी दर रविवारी शिकवतो. त्याचं थोडं मानधन मिळतं. तेही कळवायचं का?

उत्तर – तेच काका

कळवायचं. कापण्याआधीची पूर्ण रक्कम, आणि चेक येईल त्या आठवड्यात नाही, शिकवलंस त्या आठवड्यात. बहुतेक राज्यं थोडी कमाई सोडून देतात आणि उरलेली हप्त्यातून वजा करतात, त्यामुळे फार फरक पडणार नाही. पोर्टलवरचा आठवडा रविवारी सुरू होतो का ते बघ, नाहीतर तुझा रविवार भलत्याच आठवड्यात जाईल.

आणि खजिनदार, तुम्ही हे वाचत असाल तर मानधनाच्या पावतीवर तारखा घाला. गेल्या वर्षी सगळ्या शिक्षकांना एकच पावती दिली होती, वर नुसतं 'सत्र दुसरं'.