मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाची जुनी मैदानं बघायला कसं जावं?

नमस्कार मंडळी,

बाबा सध्या बे एरियात आमच्याकडे आलेत. नातीबरोबर सामने बघून बघून पक्के जायंट्सवाले झालेत. आता त्यांना संघाची आजवरची सगळी घरची मैदानं बघायची आहेत!

हा संघ मूळचा न्यूयॉर्कचा. तिथलं पोलो ग्राउंड्स म्हणजे अजब प्रकरण: डाव्या टोकाला कुंपण २७९ फुटांवर, उजव्या टोकाला २५८ वर आणि समोर मध्यात थेट ४८० च्या आसपास. १९५४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका) जायंट्सच्या विली मेजने पाठमोरं धावत घेतलेला झेल त्याच खोल भागातला. बाबांनी तो व्हिडिओ इतक्यांदा लावलाय की आता मलाही पाठ झालाय.

१९५८ मध्ये संघ इकडे आला. पहिले दोन हंगाम छोट्या सील्स स्टेडियमवर काढले, १९६० पासून कँडलस्टिक पार्क. खाडीला लागून आणि वारा भन्नाट. १९६१ च्या ऑल-स्टार सामन्यात पिचर (चेंडू फेकणारा) स्टू मिलर वाऱ्याच्या झोताने हलला आणि पंचांनी 'बॉक', म्हणजे पिचरच्या नियमबाह्य हालचालीचा दोष, दिला! वारा सुटतो दुपारनंतर, जागा पसंत करणारे बहुतेक सकाळीच येऊन गेले असावेत. १९८९ चा भूकंप झाला तोही इथे वर्ल्ड सीरिजचा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना. २००० पासून आताचं ओरॅकल पार्क, त्याच्या पाटीवर आजवर चार नावं लागून झाली.

तर प्रश्न असे. सील्सच्या जागी, सोळावा रस्ता आणि ब्रायंटच्या कोपऱ्यावर, आता दुकानं आहेत. तिथे थांबण्यात काही अर्थ आहे का? कँडलस्टिक तर पाडलं, मग तिकडे काय दाखवू? पुढे ताईकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत, पोलो ग्राउंड्सचं काही शिल्लक आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, हे लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद १
पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये पाडलं, आता तिथे उंच रहिवासी इमारती आहेत. पण टेकडीवरून मैदानाकडे उतरणारा जॉन ब्रश जिना अजून आहे. मधल्या चौथऱ्यावर न्यूयॉर्क जायंट्सचं नाव कोरलंय. काकांना वरूनच, एजकोंब अव्हेन्यूवरून दाखवा. पायऱ्या बऱ्याच आहेत, खाली उतरलात तर परत चढावं लागेल.

प्रतिसाद २
सील्सला गाडीतूनच नमस्कार करा. कँडलस्टिकशेजारी खाडीकाठी सरकारी उद्यान आहे, तिथे दुपारनंतर जा म्हणजे वारा कळेल. काकांना जाड जॅकेट द्या, उन्हाळा असला तरी. ओरॅकलला तिकीट नसलं तरी चालेल. उजव्या बाजूची भिंत २४ फूट उंच आहे, मेजच्या २४ नंबरच्या जर्सीसाठी. त्या भिंतीत जाळीच्या कमानी आहेत, पाण्याकडच्या पायवाटेवरून सामना फुकट दिसतो. फक्त तिथे उभं राहावं लागतं, तेव्हा घडीची खुर्ची गाडीत असू द्या.