आग नाही, वितळलेला दगड

मुलाला ज्वालामुखी कसा समजावू, असं ताईंनी विचारलंय आणि "पृथ्वीच्या पोटातली आग बाहेर येते" असं उत्तर वर आलंय. एक दुरुस्ती: तिथे आग नसतेच. काही जळत नाही, दगड वितळलेला असतो. पृथ्वीच्या कवचाखालचा खडक बहुतेक घनच असतो, पण वर सरकताना त्याच्यावरचा दाब कमी झाला की थोडा वितळतो. तो शिलारस. त्यात वायू विरघळलेले असतात, ते सुटू लागले की शिलारसाला वर ढकलतात. सोड्याची बाटली हलवून उघडा, मुलाला लगेच कळेल. शिलारस बाहेर आला की तोच लाव्हा, तापमान साधारण 1100 अंश सेल्सिअस.

आणि दरवेळी शंकूसारखा डोंगर लागतोच असं नाही. आपला सह्याद्री घ्या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा नुसता पसरत गेला, थरावर थर. घाटात दिसणाऱ्या त्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, सापळ्याशी त्याचा संबंध नाही (मीही बरीच वर्षं सापळाच समजत होतो!).

ट्रेकला गेलात तर काळा कातळ जवळून बघा. बारीक भोकं दिसतील. लाव्हा थिजताना अडकलेले ते वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, ते नंतर पाण्यातून साचलेले.

जिवंत ज्वालामुखी दाखवायचा असेल तर अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला तेवढा एकच.