खलनायक बार्ड दोन राउंडांत आडवा होऊ नये म्हणून काय करावं?

गडबडगुंडा: डी अँड डी (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ) पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, चौघांची, लेव्हल 5. खलनायक नवव्या लेव्हलचा बार्ड, कॉलेज ऑफ व्हिस्पर्स (बार्डचा एक उपप्रकार). करिष्मा 18, कॉन्स्टिट्यूशन 14, हिट पॉइंट (किती मार झेलेल ते) सरासरी 58. कागदावर भारी दिसतो, पण एक फायरबॉल (आगीचा स्पेल, म्हणजे मंत्र) सरासरी 28 काढतो. पहिल्याच भेटीत उताणा पडणार. हिट पॉइंट दुप्पट करू का?

खांबाआड: त्याने मरण एखाददोन राउंड पुढे जाईल, एवढंच. त्याच्या हातात तलवार नको, गाव द्या. बार्ड म्हणजे भाट, खाल्ल्या मिठाचे गोडवे गाणारा. तुमचा भाट बदनामी गातो. पार्टीने भूत मारताना कुणाचं घर पेटवलं असेल, तर दोन दिवसांत खानावळीत पोरं म्हणू लागतील:

आले चौघे वीर, झटापट रात्रभर,
भूत गेलं पळून, जळालं आमचं घर!

कडवं खेळाडूंनी खरोखर घातलेल्या घोळावरच रचा. धादांत खोटं ते खोडून काढतील, अर्धसत्य चिकटून बसतं.

वर्ड्स ऑफ टेरर ही त्याची खास क्षमताही नीट वाचा. एकांतात मिनिटभर बोलायचं, विज्डम सेव्ह डीसी 16 (समोरच्याने फासा टाकून किमान 16 गाठायचे), फसला की तासभर भीती. ही भीती बार्डचीच असावी असं नाही, तो ठरवेल त्याची! वेशीवरच्या शिपायाला पार्टीतल्या पॅलाडिनची (धर्मयोद्ध्याची) धास्ती बसवा. सेव्ह यशस्वी झाला तरी शिपायाला काही संशय येत नाही. भुरळ घालणाऱ्या चार्म पर्सनचं उलट आहे, स्पेल संपला की समोरच्याला सगळं कळतं. तो टाळाच.

तिरकीट: +1. एक चूक हमखास होते: सजेशन (सांगितलं ते करवून घेणारा स्पेल) आणि मॉडिफाय मेमरी (आठवण बदलणारा) दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर धरता येतं. सरपंचावर सजेशन चालू असताना साक्षीदाराची आठवण बदलायला गेलात, तर सरपंच तिथेच सुटला. शिवाय मॉडिफाय मेमरीला लागणारा पाचव्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) नवव्या लेव्हलला एकच, आणि बदलता येते ती गेल्या 24 तासांतली जास्तीत जास्त 10 मिनिटांची घटना. तेव्हा साक्षीदार एकच ठेवा. रिमूव्ह कर्स या स्पेलने ती आठवण परत येते, आणि पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुरोहिताकडे) तो असू शकतो. पार्टीला धागा आयताच मिळाला.

खेळाडूंच्या पात्रांवर मात्र सजेशन शक्यतो नको. टेबलावर माणसं हिरमुसतात.

गडबडगुंडा: वा, शिपायाचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि पळायचं कसं?

खांबाआड: डायमेन्शन डोर, क्षणात दुसरीकडे नेणारा स्पेल, 500 फूट. चौथ्या पातळीचे स्लॉट तीन, त्यातला एक कायम राखून ठेवा. उघड्यावर टाकलात तर पार्टीतला विझार्ड (जादूगार) काउंटरस्पेल मारेल, म्हणजे तुमचा स्पेल मोडेल. तिसऱ्या पातळीच्या स्लॉटने त्याला डीसी 14 चा चेक करावा लागेल, पण तो जमूही शकतो. काउंटरस्पेलला स्पेल टाकणारा 60 फुटांत दिसावा लागतो. म्हणून आधी पडद्याआड जायचं, मग स्पेल. क्लेरिककडे सायलेन्स असेल तर मात्र बोंब. डायमेन्शन डोर निव्वळ तोंडी स्पेल आहे, 20 फूट त्रिज्येच्या त्या गोलात तोंडच बंद. सभागृहाला दोन दारं ठेवा आणि त्याला पहिल्यापासून दाराजवळ उभा करा.