मामांची गाडी, हरवलेले आरसी बुक आणि रस्ता कर

प्रश्न : डिचोलीचे माझे अविवाहित मामा वीस दिवसांपूर्वी वारले. त्यांची गाडी आता आईकडे आली आहे. परंतु कपाटात वाळवीने कुरतडलेला विम्याचा कागद तेवढा मिळाला, आरसी बुक नाही. आम्हाला कोणता कर भरावा लागेल?

उत्तर : वारसा मिळाला म्हणून कर नाही, इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) १९८५ सालीच रद्द झाली. रस्ता कर गाडीवर असतो, त्यामुळे मामांनी तो कुठपर्यंत भरला होता, हे वाहतूक खात्याच्या नोंदींत पाहावे.

दुसरे उत्तर : मला मुदतीची अधिक काळजी वाटते. मृत्यूनंतर ३० दिवसांत खात्याला लेखी कळवले, तरच तीन महिने गाडी वापरता येते. तेवढ्या अवधीत फॉर्म ३१ भरून नावबदल मागावा. आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद करून दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६ द्यावा. कृपया उद्याच जा.