अनुभव धागा: जुनं लाकूड, नवा रंग (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव)

मंडळी, आपल्याकडे जुनी घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहतायत. त्या पाडापाडीत घडवंच्या (हंडे-कळशा ठेवायचे लाकडी मांडव), फडताळांची दारं, पत्र्याच्या ट्रंका, वेताच्या खुर्च्या भंगारात जातात, नाहीतर अंघोळीच्या बंबात. हे बघून माझा जीव तुटतो, म्हणून हा धागा.

जुन्या सामानाला फिकट रंग देऊन, कडा घासून ते मिरवायची तऱ्हा रेचल अॅशवेल या सजावटकार बाईंनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात दुकान काढून ‘शॅबी शिक’ या नावाने लोकप्रिय केली. पण चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंती, मोरपंखी दारं आणि हात लागून लागून उघडं पडलेलं लाकूड आपण आजोळी बघितलेलंच आहे. त्यामुळे हे रंग आपल्या घरात परके वाटत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. शिसवीला आणि चांगल्या सागवानाला रंग फासू नये. जे चुलीत जाणार आहे त्याला मात्र जरूर लावावा. पटत नसेल तर तसंही लिहा. वस्तू कुठे मिळाली, काय अवस्थेत होती, काय केलंत आणि आपल्या पावसात टिकली का, एवढं नक्की सांगा.

खानापूर

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला. गोठ्याच्या मागे एक घडवंची पडली होती, एक पाय कुजलेला, वर शेवाळ. मी ती ओढून अंगणात आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, बंबात घालायला काढलंय ते. काय करूलीस त्याचं?” मी म्हटलं, “आई, दसऱ्यापर्यंत राहू दे, मग बघू.”

दसऱ्यापर्यंत थांबण्याला कारण आहे. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की लाकूड आतून सुकतच नाही. ओल्या लाकडावर रंग लावला की तो फुगतो आणि पापुद्रे निघतात. पावसाळाभर मी घडवंची माळ्यावर उभी करून ठेवली, वारा लागेल अशी. ऑक्टोबरात काढून चांगलं ऊन दिलं.

खालच्या बाजूला बारीक भोकं होती आणि त्यातून पिठासारखी भुकटी पडत होती. म्हणजे भुंगेरे आत जिवंत. हे असताना रंगाला हात लावायचा नाही, नाहीतर घरातलं बाकीचं लाकूडही जातं. हातमोजे घालून, किडीवरचं औषध सिरिंजने एकेका भोकात सोडलं, घडवंची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आणि भुकटी थांबल्याची खात्री झाल्यावर भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवली. कुजलेला पाय गावातल्या सुतारमामांनी कापून फणसाच्या लाकडाचा जोड दिला.

रंग घरीच केला. बाहेर खडूसारखा मॅट दिसणारा चॉक पेंट मिळतो, अॅनी स्लोन यांनी तो १९९० मध्ये आणला. आपल्याकडे तो महाग पडतो. मी तीन वाट्या इमल्शनला (भिंतीच्या पाण्याच्या रंगाला) एक वाटी पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस) घेते. पीओपी आधी तेवढ्याच पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची आणि मग रंगात मिसळायची. थोडंथोडंच करायचं, कारण ते लवकर घट्ट होतं. आधी गडद हिरवा हात दिला. वाळल्यावर जिथे हात लागतो तिथे, म्हणजे कडांवर आणि पायांच्या कोपऱ्यांवर, साधी मेणबत्ती घासली आणि वरून सायीच्या रंगाचे दोन हात दिले. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवला की मेणावरचा रंग सुटतो आणि खालचा हिरवा डोकावतो. नुसतं घासत बसलं तर असं नेमकं येत नाही.

वरच्या फळीवर हंडा-कळशीची गोल वर्तुळं उमटलेली आहेत. कित्येक पिढ्यांनी भरलेल्या पाण्याच्या त्या खुणा आहेत. त्या फळीला मी रंग लावलाच नाही, फक्त जवसाचं तेल चोळलं. (तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. ढिगात ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.) सासूबाईंनी आता त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्यात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

टिळकवाडी, बेळगाव

मी धागाकर्त्या ताईंच्या बाजूचा. आमच्या घरी वडिलांपासून पॉलिशचं काम. रंग लावण्याआधी लाकूड ओळखा, एवढीच विनंती. वस्तू उलटी करा, न दिसणाऱ्या जागी थोडं घासा. सागवानाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि भुसा हाताला किंचित चिकट लागतो. शिसव जांभळट काळी आणि उचलायला जड. हे निघालं तर चपडी (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करा, डोळ्यांचं पारणं फिटेल.

तरीही पांढराच करायचा असेल तर नागड्या सागवानावर पाण्याचा रंग थेट लावू नका. लाकडातला अर्क वर येतो आणि पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. कितीही हात मारा, डाग परत येतात. चपडीचे दोन पातळ हात आधी द्या, ती अडवते. मेण मुरलेली चपडी घेऊ नका, त्यावर वरचा रंग नीट धरत नाही.

निपाणी

आमच्याकडे तंबाखूच्या वखारीतल्या लाकडी पेट्या मिळतात, मजबूत असतात. अडचण एकच, वास. उन्हं दिली, खायचा सोडा टाकून झाकून ठेवली, कोळसा ठेवला. कमी झाला, गेला नाही. शेवटी आतून चपडी मारली आणि वास बंद झाला. बाहेरून फिकट निळा रंग, आत अंथरुणं. धान्य किंवा लहान मुलांचे कपडे मात्र त्यात ठेवत नाही.

शहापूर, बेळगाव

आमच्या घरात इलकली साड्यांचा हातमाग होता. पॉवरलूम आले आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतले माग निघाले. चौकटीचं लाकूड, कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या), धोटे (आडवं सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी तुकडे) असं पोत्यात भरून ठेवलेलं होतं. चौकटीच्या दोन लाकडांची मी फळी करून घेतली, करड्या रंगाची. कांड्या काचेच्या बरणीत आहेत.

धोट्याला मी रंग लावला नाही आणि लावू देणार नाही. बाबांचा हात फिरून त्याला जी चकाकी आली आहे ती कुठल्या डब्यात मिळत नाही. हल्ली सजावटवाले धोटे मागत फिरतात. घ्या, जरूर घ्या, पण कुणाच्या मागावरचा आहे ते विचारून घ्या आणि त्या विणकराला नीट पैसे द्या. भंगाराच्या वजनावर धोटा विकला जाताना बघवत नाही.

चिकोडी

एक गोष्ट कळकळीने सांगते. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे आपल्या आजीच्या वेळच्या कपाटावर काय आहे याचा भरवसा नाही. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

मी वॉटर पेपर घेऊन, पाणी मारत घासते. चांगला मास्क लावते, काम अंगणात प्लॅस्टिक अंथरून करते, चिखल कागदात गोळा करते आणि कपडे वेगळे धुते. घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर त्यांना तिथून लांब ठेवा. आमच्या घरचा पाळणा मी गुलाबी केला, पण त्यात बाळ ठेवलं नाही. दात येणारं मूल कठडा चावतं आणि खाली जुने थर आहेतच. त्यात आता गोधड्या असतात.

कॅम्प, बेळगाव

वस्तू कुठे मिळतात असं खूप जण विचारतात. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे बदल्या चालूच असतात आणि जाणारी कुटुंबं जड सामान मागे सोडतात. गोव्याकडच्या वेताच्या खुर्च्याही भंगारवाल्यांकडे येतात. भाव करताना रंगाकडे बघू नका, सांधे हलवून बघा. सांधे पक्के असतील तर बाकी सगळं होतं.

वेताची बैठक नुसती झोळ पडलेली असेल तर टाकू नका. खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्याने वेत भिजवा आणि रात्रभर सुकू द्या, ताणून घट्ट बसतो. तुटलेली असेल तर आधी चौकट रंगवा आणि मग वेत विणून घ्या. पितळी कड्या-बिजागऱ्या काढून चिंचेने घासा, त्यांच्यावर रंग कधीच नको.

पत्र्याच्या ट्रंकेला गंज घासून काढल्यावर रेड ऑक्साइड प्रायमर हवाच. पाण्याचा रंग थेट उघड्या पत्र्यावर गेला तर गंजाचे ठिपके वर येतात. माझी ट्रंक फिकट पोपटी आहे, झाकणावरचं आजोबांचं नाव तेवढं टेप लावून राखलंय.

आणि ताई, सागवानाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. कोणी आधीच त्यावर एनामेलचे चार थर चढवलेले असतील आणि आपल्याला ते उतरवणं झेपणार नसेल, तर वरून रंगवून वापरात ठेवलेलं बरं. उद्या एखाद्याला उतरवावंसं वाटलं तर लाकूड तिथेच आहे.

धागाकर्ती

हे मला पटलं, माझ्या नियमात एवढी सूट धरते. गोकाकच्या मंडळींना खास आमंत्रण: तिथल्या जुन्या रंगीत लाकडी खेळण्यांचा रंग उडाला असेल तर काय करता ते लिहा. माझ्याकडे आईची लाकडी फळं आहेत. मूळ रंग झाकायचा नाही, फक्त उडायचा थांबवायचा आहे. चपडीचा पातळ हात चालेल का, की त्यातल्या स्पिरिटने रंग सुटेल?