हरणाचा जीव झटकन जावा म्हणून नेम कुठे धरायचा?

मॅडिसनकर: मंडळी, अमेरिकेत विस्कॉन्सिनात नोव्हेंबरातला नऊ दिवसांचा, बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम आलाय. हंटर सेफ्टीचा (शिकाऱ्यांच्या सुरक्षिततेचा) कोर्स झालाय, शेजाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच जातोय. रायफल .308 कॅलिबरची. रेंजवर एकजण म्हणाला, डोक्यात मार, जागीच पडतं. हरीण तडफडायला नको एवढंच मला हवंय. नेम कुठे धरू?

उत्तरवारा: डोकं नको, अजिबात नको! मेंदू लहान, मान सतत हलते. गोळी थोडी चुकली की जबडा फुटतो, आणि ते जनावर पळून जाऊन उपाशी मरतं. त्याहून वाईट मरण मला सुचत नाही.

हरीण पूर्ण आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्या आणि छातीच्या खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर, फऱ्याच्या (खांद्याच्या) किंचित मागे थांबा. तिथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसं मिळून आठ-दहा इंचांची जागा असते. थोडं इकडेतिकडे झालं तरी फुप्फुसं सापडतात. रक्तदाब कोसळतो, काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्यातही ते शंभर यार्ड पळू शकतं, म्हणून नेम चुकला असं समजू नका.

सरावाला साधारण तेवढ्याच आकाराची कागदी प्लेट लावा. जंगलात बसाल तसंच बसून ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी प्लेटमध्ये जाते, त्यापलीकडचं हरीण सोडून द्या.

मॅडिसनकर: आणि तिरकं उभं असेल तर?

उत्तरवारा: तोंड पलीकडे वळलेलं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाची रेषा धरा. अलीकडे गोळी बरगड्यांत बरीच मागे शिरेल, ते बरोबरच आहे. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा. मचाणावरून गोळी खाली उतरत जाते, म्हणून नेम जरा वर. बाहेर कुठून पडेल ते आधी डोळ्यांसमोर आणा.

रानवाट: गोळीनंतरचंही सांगते. हरीण कुठे उभं होतं ती जागा डोळ्यांत ठेवा, अर्धा तास हलू नका. मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट, घाण वासाचं म्हणजे पोटात लागलंय, आठ-दहा तास तरी मागे जाऊ नका. घाई केली तर ते उठून आणखी मैलभर जातं आणि सापडतच नाही.