तांबिनला अर्धे सूर हवेत का?

रानवेल: पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या फुता जालोन डोंगराळ भागातली फुलानी लोकांची तांबिन कोणी ऐकलीय का? आडवी बासरी, भोकं फक्त ३, बांबूची नाहीच, निमुळत्या वेलीची. वाजवणारा फुंकता फुंकता गातो, बोलतो, मधेच किंचाळतो आणि ते सगळं सुरात मिसळून जी खरखर होते ना तीच तिची जान. आता सिल्व्हाँ लेरू नावाच्या कॅनडाच्या वादकाने तिचं क्रोमॅटिक रूप केलंय, मधले कोमल-तीव्र असे सगळे अर्धे सूर निघतात म्हणे. मला नाही पटत. जगाला ऐकवायचंय तर आहे तशी ऐकवा की!

पट्टीबदल: मग पन्नालाल घोषांनी आपली छोटी बासरी चांगली हातभर लांब केली तेव्हाही हेच म्हणाला असतात. आज मैफलीत बासरी आहे ती त्यामुळेच.

रानवेल: अहो ते रागदारीसाठी होतं, बासरीवाल्यांची स्वतःचीच गरज होती. इथे गरज कोणाची? परदेशातल्या जॅझवाल्यांची.

पट्टीबदल: असं कसं? तांबिन एकाच पट्टीत बांधलेली असते, बँड दुसऱ्या पट्टीत गेला की तांबिनवाला बिचारा गप्प. लेरूंनी नवी बासरी गिनीच्या राजधानीतल्या, कोनाक्रीतल्या मुलांना शिकवली, म्हणजे ती पोरंच वाजवणार ना. आणि हेच लेरू गिनीचे तांबिनवादक बाइलो बाह यांच्याबरोबर जुन्या तांबिनवर वाजवलेत, ते रेकॉर्डिंग ऐका आधी. बदलाचंच म्हणाल तर १९५२ मध्ये गिनीच्याच फोदेबा केइतांनी ले बॅले आफ्रिकेन हा नृत्यसंच काढला तेव्हाच गावातलं संगीत स्टेजवर आलं. वेळेत बसवलं, लाइट मारले. ते चाललं?

सांजवात: मधे बोलते, सॉरी. मी बासरीत गात फुंकून पाहिलं, आईने आतून विचारलं कुकर बिघडला का :) पण काल व्हिडिओ कॉलवर मैत्रिणीला तांबिनचं रेकॉर्डिंग लावलं तर ॲपने खरखर नॉइज समजून कापून टाकली, तिला ऐकू आली नुसती गोड बासरी. ती म्हणे छान आहे, झोपताना लावेन.

रानवेल: घ्या! झोपताना!!

पट्टीबदल: हे मात्र वाईट झालं. फाइल पाठवा तिला, हेडफोन लावून ऐक म्हणावं.